सतरंजी जागेवर राहावी म्हणून



आजचा विषय सतरंजीचा. काहीजणी हसतील. सतरंजीत बोलण्यासारखं काय आहे, अंथरली आणि बसलो! पण आमचा बचत गट मंडपाचं सामान भाड्याने देतो. लग्न, बारसं, दहावं, ग्रामसभा, महिलांचा मेळावा, जिथे बोलावतील तिथे आम्ही टेम्पोत सामान टाकून जातो. भांडी मोजून द्यायची, मोजून परत घ्यायची, खुर्च्यांचे पाय तपासायचे, हे सगळं असतंच. तरी सगळ्यात जास्त डोकं लावावं लागतं ते सतरंजीला. भांडं हरवलं तर भांड्याचे पैसे जातात. सतरंजीला सुरकुती राहिली तर माणूस पडतं.

पूर्वी आपल्याकडे हा प्रश्न एवढा नव्हता. लग्नाआधी खळं चोपून, सारवून घ्यायचं, त्यावरच बसायचं, त्यावरच जेवायचं आणि रात्री त्यावरच नाच. सारवलेली जमीन सरकत नाही. आता मंडपात थरावर थर असतात. खाली ताडपत्री, तिच्यावर हिरवं किंवा लाल कार्पेट, कार्पेटवर सतरंज्या, आणि पाहुण्यांसाठी सतरंजीवर गाद्या. घरातही तेच. फरशीवर रंगीत प्लॅस्टिकची चटई, तिच्यावर सतरंजी, तिच्यावर लेकराची गोधडी. प्रत्येक थर दुसऱ्यावर नुसता पडलेला असतो, कोणी कोणाला धरलेलं नसतं. वरून माणसं चालली की सगळ्यात वरचा थर चालायला लागतो.

आधी तो का चालतो ते सांगतो, कारण कारण कळलं की उपाय आपोआप सुचतो.

भाताची कापणी झाली की आपण गवत कापायला जातो. गवतातून फिरताना लुगड्याच्या काठाला कुसळ लागतं. ते कुसळ पाहिलंय ना कसं असतं? एकदा कापडात शिरलं की पुढेच सरकत जातं, मागे येत नाही, कारण त्याचे बारीक केस सगळे एकाच बाजूला झुकलेले असतात. आपण जसजशा हलतो तसतसं ते पुढे जातं. जाड लवेच्या गालिचाचंही तसंच आहे. गालिचावरून हात फिरवून बघा. एका बाजूने हात गुळगुळीत जातो, उलट्या बाजूने अडतो. म्हणजे लव एका बाजूला झुकलेली आहे. तिच्यावर सतरंजी टाकली आणि माणूस चाललं की पावलाखालची लव दबते, पाऊल उचललं की पुन्हा वर येते, आणि वर येताना सतरंजीला थोडंसं ढकलते. एका पावलाला केसभर. पुष्कळ पावलांनी वीतभर. सतरंजीचा एक कोपरा अडकलेला असेल, त्यावर कपाट किंवा गादी असेल, तर सतरंजीला पुढे जायला जागा राहत नाही. मग ती मधेच उचलते आणि सुरकुती पडते. ती सुरकुती हाताने साफ करून उपयोग होत नाही. संध्याकाळपर्यंत ती तिथेच परत येते.

मंडपाच्या कार्पेटला तशी लव नसते, ते नुसतं दाबलेल्या धाग्यांचं असतं. पण ते पातळ आणि हलकं. ते स्वतःच ताणतं, स्वतःच गोळा होतं. त्याच्यावरची सतरंजी सरकली असं आपल्याला दिसतं, खरं तर खालचं कार्पेट सरकलेलं असतं. म्हणून सतरंजीला हात लावण्याआधी खाली काय आहे आणि ते पक्कं आहे का, हे बघायचं.

खालची जागा दोन प्रकारची असते, कडक किंवा मऊ. फरशी, लादी, कोबा ही कडक जागा. कार्पेट, गादी, गोधडी ही मऊ जागा. दोन्हींचा उपाय वेगळा आहे आणि गोंधळ इथेच होतो. कडक जागेवर सतरंजीला पकड हवी, म्हणजे खाली रबर हवं. मऊ जागेवर रबराने काही होत नाही, कारण रबर ज्याला धरून बसतं ती लवच हलते. मऊ जागेवर सतरंजीला ताठपणा हवा आणि खरखरीतपणा हवा. दुकानदार दोन्हीला एकच जाळीदार रबर दाखवतो. त्याला विकायचं असतं.

रबराचीही एक गंमत आहे. आपल्या डहाणूत फुग्यांचे कारखाने आहेत, आपल्यातल्या कितीतरी बायका तिथे कामाला जातात. त्यांना विचारा, फुगे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून काय करतात? पावडर लावतात. पावडर लागली की रबराची पकड गेली. घरातली धूळ म्हणजे तीच पावडर. फरशीवरची रबरी पायपुसणी महिनाभर चांगली बसते, मग सरकायला लागते. आपण म्हणतो जुनी झाली. बहुतेक वेळा ती जुनी झालेली नसते, खाली धूळ साचलेली असते. उलटी करून ओल्या फडक्याने पुसा, फरशीही पुसा, दोन्ही पूर्ण वाळू द्या आणि मग टाका. ओल्या फरशीवर टाकलीत तर मात्र ती आणखी घसरेल.

आता आम्ही मंडपात काय करतो ते सांगतो.

आधी जमीन. खडे, काटक्या, खुंटांचे शेंडे काढून टाकायचे. ताडपत्री चारही बाजूंनी ताणून तिच्या भोकांतून सुतळी घालून खुंट्यांना बांधायची. खुंट्या वाटेच्या बाहेर ठोकायच्या आणि जमिनीबरोबर आत घालायच्या, नाहीतर सतरंजी वाचवायला गेलो आणि खुंटीला ठेच लागली असं व्हायचं. मग कार्पेट. त्याची गुंडाळी सोडली की ते लगेच सपाट बसत नाही, टोकं वर वळतात. तासभर उन्हात पसरून ठेवलं की मऊ होतं आणि बसतं. मंडपाला उशीर झालेला असला तरी आम्ही हा तास सोडत नाही. दोघींनी समोरासमोर धरून ताणायचं. एकटीने ओढलं की तिरकं जातं.

कार्पेट आणि सतरंजीच्या मधे आम्ही गोणपाट घालतो. धान्याची जुनी पोती उसवून, झटकून, धुऊन, वाळवून ठेवलेली आहेत. शिवण पूर्ण उसवायची, नाहीतर तिचा उंचवटा वर जाणवतो. ताग खरखरीत असतो, तो वरच्या सतरंजीलाही धरतो आणि खालच्या कार्पेटलाही. काही ठिकाणी आम्ही पाहिलं आहे की बसायला मऊ लागावं म्हणून सतरंजीखाली गोधड्या घालतात. बसणाऱ्याला बरं वाटतं, चालणाऱ्याचं पाऊल मात्र खचतं आणि सतरंजी खड्ड्यात ओढली जाते. मऊ हवंच असेल तर ते सतरंजीच्या वर घाला, खाली नको.

सतरंजीचे कोपरे आणि वाटेवरची कड आम्ही दाभणाने आणि सुतळीने शिवतो. लांब लांब कच्चे टाके, सतरंजी, गोणपाट आणि कार्पेट तिन्ही एकत्र. काम संपलं की एक टोक ओढलं की निघतात. टाके पडल्याने कार्पेट खराब होत नाही. चिकटपट्टीने होतं. पट्टी काढली की तिचा चिकट डिंक राहतो, त्यावर माती बसते आणि पुढच्या लग्नात तिथे काळा पट्टा दिसतो. मोठमोठे मंडपवाले पट्टीच वापरतात, कारण ती लवकर लागते. आमच्याकडे हात जास्त आहेत आणि पट्टी विकत घ्यावी लागते, म्हणून आम्हाला दाभण बरा.

दोन सतरंज्या जिथे जुळतात ती जागा सगळ्यात वाईट. एकीवर एक थोडी चढवावीच लागते. तेव्हा कोणती वर ठेवायची? आपण कौलं कशी घालतो, खालून वर घालत जातो म्हणजे पाणी वरच्या कौलावरून खालच्यावर उतरतं. सतरंजीवर माणसाचं पाऊल असंच उतरलं पाहिजे, चढता कामा नये. चढायला गेलं की बोट कडेत अडकतं. पण माणसं तर आतही येतात आणि बाहेरही जातात, मग कोणाची सोय बघायची? आम्ही बाहेर जाणाऱ्यांची बघतो. आत येताना माणसं एकेक करून, इकडे तिकडे बघत, जागा शोधत येतात. बाहेर जाताना सगळी एकदम उठतात, कडेवर पोर असतं, उजेड कमी झालेला असतो, कोणाला गाडी गाठायची असते. म्हणून आम्ही अंथरायला दारापासून सुरुवात करतो आणि आतल्या बाजूची सतरंजी दाराकडच्या सतरंजीवर चढवतो. बाहेर निघालेलं पाऊल मग प्रत्येक जोडावर खाली उतरतं. आणि शक्य असेल तर मधली चालायची वाट आम्ही सतरंजीशिवायच ठेवतो, नुसतं ताणलेलं कार्पेट. बायका दोन्ही अंगांना सतरंजीवर बसतात. मालकाला कधी कधी हे आवडत नाही, फोटोत मधे रिकामं दिसतं म्हणतात. फोटोचं आम्ही ऐकत नाही.

बसलेली बाई हे सतरंजीवरचं सगळ्यात चांगलं वजन आहे. तिच्याखाली सतरंजी हलत नाही. अडचण उठताना येते. म्हातारी बाई उठताना एक हात जमिनीला टेकते, टाच रोवते आणि मागे रेटते. त्या रेट्याने सतरंजी गोळा होते आणि नेमकी तिच्याच पायाखाली येते. म्हणून आजींना जोडावर बसवू नका. त्यांना कडेला, भिंत असेल तर भिंतीपाशी बसवा, किंवा सरळ खुर्ची द्या. मंडपाच्या खांबापाशी नको, त्या खांबाचा आधार घेतील आणि खांब काही तेवढा पक्का नसतो.

एवढं सगळं कशासाठी, हेही सांगायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे की जगात दरवर्षी अंदाजे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात. अपघाती मरणांत रस्त्यावरच्या अपघातांनंतर पडण्याचाच नंबर लागतो, आणि त्यात म्हातारी माणसं सगळ्यात जास्त. आपल्याकडे म्हातारी पडली की खुब्याचं हाड मोडतं. मग ऑपरेशन. आपल्या भागातल्या माणसांना त्यासाठी पुष्कळदा वलसाड, सिल्वासा नाहीतर मुंबई गाठावी लागते. बरोबर घरातली एक बाई जाते, तिची मजुरी बुडते, घरी पोरांचं जेवण कोणी करायचं हा प्रश्न येतो. एका सुरकुतीपायी अख्ख्या घराचा महिना जातो.

पडलेल्या माणसाला पाय उचलता येत नसेल, किंवा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत असेल आणि पंजा बाहेरच्या बाजूला वळलेला असेल, तर खुब्याचं हाड मोडलंय असंच समजा. पाय ओढू नका, चोळू नका, तेल लावून मालीश करू नका, चालवून बघू नका. आहे तसं झोपवून ठेवा, पायाच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेल्या चादरी लावा आणि १०८ ला फोन करा. त्यावेळी गर्दी करणाऱ्यांना बाहेर काढायचं काम एका खमक्या बाईकडे द्या.

आणि आपल्या डहाणू-तलासरीत एक गोष्ट इतर ठिकाणांपेक्षा वेगळी आहे. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी, दापचरी, हळदपाडा या बाजूला भूकंपाचे धक्के बसायला लागले. आधी वाटलं एखादा दुसरा असेल. पण ते थांबेनात. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने इथे यंत्रं बसवली. प्रशासनाने तंबू दिले. त्या थंडीत कितीतरी घरं रात्री बाहेर झोपली. १ फेब्रुवारी २०१९ ला एकाच दिवसात बरेच धक्के बसले, त्यातला मोठा चारच्या पुढचा होता. त्या दिवशी घाबरून घराबाहेर पळताना पडून एक लहान मुलगी गेली. घर कोसळून नव्हे, पळताना पडून. ही गोष्ट आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे.

सरकारी माणसं सांगतात की जमीन हलत असताना धावू नका, डोकं झाकून भक्कम टेबलाखाली किंवा पलंगाखाली शिरा, हलणं थांबलं की बाहेर पडा. सल्ला बरोबर आहे. पण रात्री भांडी वाजायला लागली की किती जणांना तो आठवतो? माणसं उठतात आणि दाराकडे जातात. तेव्हा झोपायच्या जागेपासून दारापर्यंत पायाखाली काय येतं, हे दिवसा बघून ठेवलेलं असलं पाहिजे.

नवीन घरकुलं तशीही लहान. प्रधानमंत्री आवास योजनेत घराला कमीत कमी २५ चौरस मीटर जागा असते. तेवढ्यात चूल, कणगी, पेटी, पलंग आणि पाच-सहा माणसांची अंथरुणं. म्हणजे झोपायची जागा आणि चालायची वाट एकच. त्यात पुष्कळांनी लादी बसवली आहे, ती दिसायला छान आणि पुसायला सोपी, पण सारवलेल्या जमिनीसारखी पाय धरत नाही. लादीवर प्लॅस्टिकची चटई, चटईवर सतरंजी, म्हणजे गुळगुळीतावर गुळगुळीत. तिथे आम्ही सायकलची जुनी ट्यूब वापरतो. सायकल दुरुस्तीवाल्याकडे फाटलेल्या ट्यूबा पडलेल्या असतात, मागितल्या तर देतो. ट्यूब उभी कापायची, आतली पावडर साबणाच्या पाण्याने धुऊन टाकायची, हे फार महत्त्वाचं, आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या करून सतरंजीच्या उलट्या बाजूला कोपऱ्यांपाशी आणि लांब कडेने शिवायच्या. मधली प्लॅस्टिकची चटई काढून टाकायची. रबर सरळ लादीला लागलं पाहिजे. एक लक्षात ठेवा, काही जणी जमिनीवर फुलांची छापील प्लॅस्टिकची शीट कायमची अंथरतात, त्या शीटवर काळं रबर फार दिवस राहिलं की पिवळट डाग पडतो, तो निघत नाही. तिथे ट्यूब नको.

सारवलेल्या जमिनीवर रबराची गरजच नाही. तिथे दुसरी काळजी. शेणाच्या सारवणावर प्लॅस्टिक पसरलं की खालची ओल कोंडते. पावसाळ्यात तर चार दिवसांत बुरशी. सारवण फुगतं, त्याचे पोपडे सुटतात आणि चटई खालून उंचसखल होते. चटई सपाट राहत नाही याचं कारण चटईत नसतं, खाली असतं. सारवलेल्या जमिनीवर शिंदीची चटई किंवा नुसती सतरंजी बरी, आणि सकाळी उठलं की गुंडाळून ठेवायची. आपल्या आया-आज्या हेच करत होत्या. अंथरूण सकाळी गुंडाळून उतरंडीशेजारी उभं राहायचं. दिवसभर अंथरून ठेवायची सवय पलंग आणि सोफा आल्यावर लागली. गुंडाळलेल्या सतरंजीवरून कोणी घसरत नाही.

कडा वर वळतात त्याचं काय करायचं, हे आम्हाला सगळ्यात जास्त विचारलं जातं. कडा वळण्याची कारणं दोन-तीन असतात. घडी करून ठेवली की घडीच्या रेषा राहतात. नेहमी एकाच बाजूने गुंडाळली की टोक त्याच बाजूला वळायला शिकतं. आणि धुताना पिळली की मधलं सूत आणि कडेचं सूत सारखं आटत नाही, कड आखडते. म्हणून सुती सतरंजी पिळायची नाही. धुतली की आडव्या बांबूवर टाकून पाणी निथळू द्यायचं, आणि ओलसर असतानाच सपाट जागेवर पसरून चारही कडा हाताने ओढून सरळ करायच्या. कडांवर विटा ठेवायच्या, विटांखाली कागद घालायचा म्हणजे लाल डाग लागत नाही. तशीच वाळू द्यायची. वळलेलं टोक आधीच असेल तर ते उलट्या बाजूने घट्ट गुंडाळून रात्रभर बांधून ठेवायचं, सकाळी पसरायचं. एकदा केल्याने जमलं नाही तर दोन-तीनदा करायचं. कड फाटून दोरे लोंबत असतील तर आधी ती गोट लावून शिवून घ्या. लोंबणाऱ्या दोऱ्यात पायाचं बोट आणि चांदीची जोडवी हमखास अडकतात.

आपल्यातल्या काही बोर्डी-घोलवडच्या रिसॉर्टमध्ये साफसफाईला जातात, काही डहाणू रोडची लोकल पकडून मुंबईच्या बाजूला घरकामाला जातात. तिथे खरा गालिचा बघायला मिळतो. काही खोल्यांत भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेला गालिचा असतो, थंड मुलखांत पुष्कळ घरांत असतो तसा, आणि शोभेसाठी त्याच्यावर दुसरा छोटा गालिचा. हा छोटा गालिचा दर आठवड्याला जागा सोडतो आणि मालकीणबाई म्हणतात, झाडताना हलवला असशील. आता तुम्हाला सांगता येईल की ताई, खालची लव त्याला ढकलते. दोन्ही गालिच्यांवर हात फिरवून लव कुठे झुकते ते दाखवा. छोटा गालिचा फिरवून घातला, किंवा त्याचं एक टोक सोफ्याच्या पुढच्या पायांखाली घेतलं, तर पुष्कळ फरक पडतो. सोफ्याचे चारही पाय त्यावर असले तर फारच उत्तम. एकच टोक दाबलं आणि चालण्याची वाट त्याच्याच दिशेने असली तर मात्र मधे सुरकुती येणार. त्यांना खर्च करायचा असेल तर दाबलेल्या लोकरीचं ताठ अस्तर मिळतं, ते छोट्या गालिच्यापेक्षा चारी बाजूंनी बोटभर लहान कापून खाली घालायचं. कड अस्तरावर चढत नाही, खाली टेकते.  आणि जिथे कड वारंवार उचलते तिथे ओलं पोछा-बादलीचं काम करताना आधी गालिचा गुंडाळून बाजूला ठेवा, मग काम. आपला पायही तिथेच अडकतो, आणि पडलो तर रजा कोण देणार?

एका अंगणवाडी सेविकेने आम्हाला विचारलं होतं की पोरांसाठी काय अंथरू. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पोरांनी मोकळ्या अंगणात, जमिनीवर बसून शिकायचं, हे आपल्या या भागातच रुजलं. त्या सेविकेला आम्ही सांगितलं की पोरं धावतात, लोळतात, सतरंजी ओढून तिची होडी करतात. टाके घाला किंवा रबर लावा, ते टिकणार नाही. पोरांना लहान लहान बसकरं द्या, प्रत्येकाचं वेगळं. गोणपाटाचं, कडेला कापडाची गोट. ज्याचं त्याने आणायचं, ज्याचं त्याने उचलून ठेवायचं. मोठी सतरंजी फक्त गोष्ट सांगताना, सगळी बसल्यावर. खेळाच्या वेळी जमीन मोकळी. तिने तसं केलं. बसकरं शिवायचं काम आयांनीच केलं, प्रत्येकीने कोपऱ्यात आपल्या पोराची खूण काढली, कोणी मोर, कोणी माड, कोणी नुसता त्रिकोण.

घरी तपासायचं असेल तर दिवसा तपासू नका. दिवसा डोळे सांभाळून घेतात. रात्री सगळी निजायच्या तयारीत असताना दिवा घालवा, अनवाणी उभ्या राहा आणि म्हातारीच्या अंथरुणापासून दारापर्यंत पाय न उचलता, घासत चाला. म्हातारी माणसं तशीच चालतात. पायाला जिथे कड लागेल, घडी लागेल, काही सरकेल, ती जागा लक्षात ठेवा. मग दारातून उलटं, मोरीपर्यंत. रात्री म्हाताऱ्या माणसाची सगळ्यात जास्त ये-जा मोरीकडे असते आणि तिथली पायपुसणी ओली असते. जे सरकलं ते सकाळी शिवा, नाहीतर काढा. दारातली पायपुसणी उंबरठ्याच्या आत ठेवू नका, बाहेर ओट्यावर ठेवा. कडी कोणत्या बाजूला आहे आणि बॅटरी कुठे टांगली आहे हे घरातल्या लहानालाही अंधारात सापडलं पाहिजे. आमच्या गटातल्या एकीने म्हातारीच्या उशापासून दारापर्यंत कुडाला हाताच्या उंचीवर एक बांबू आडवा बांधला आहे. खाली तिने काहीच अंथरलेलं नाही, नुसती सारवलेली जमीन, आणि म्हातारी तो बांबू धरून रात्री एकटी जाते-येते.